फाइल पाठवावी ती कोणत्या रीतीनें?

गतवर्षीं दहावीच्या निरोप-समारंभाचें एक छायाचित्र आमच्या हातून कायमचें नाहींसें झालें. जरीपटक्यांतील आमच्या शाळेच्या विंडोज संगणकावरून तें आम्हीं लिनक्स पद्धतीच्या एका सर्व्हरवर पाठविलें व तें पोहोंचल्याचें कळतांच मूळ प्रत पुसून टाकली. पुढें छपाईच्या वेळीं तें उघडेना. तो वर्ग आतां पांगला आहे. तो पुन्हा एकत्र उभा राहणें नाहीं. चूक सर्वस्वीं आमची होती, आणि ती एका शब्दाच्या निवडीची होती. तीच येथें उलगडून सांगण्याचें योजिलें आहे.

प्रत्येक फाइल म्हणजे ० ते २५५ यांमधील संख्यांची एक माळ होय. टंकलेखन-यंत्रावर ओळ संपली म्हणजे दोन कृति कराव्या लागत: गाडा मागें लोटणें व कागद एक ओळ वर सरकविणें. संगणकांत या कृतींस अनुक्रमें १३ व १० या संख्या मिळाल्या. विंडोजमध्यें ओळीच्या शेवटीं या दोन्ही लिहितात. लिनक्समध्यें केवळ १० लिहितात.

फाइल पाठविण्याची एफटीपी नांवाची एक नियमावली आहे. तिचा पहिला आराखडा कानपूरच्या आयआयटीचे पदवीधर अभय भूषण यांनीं १९७१ सालीं लिहिला. तींत दोन मुख्य रीती आहेत. टेक्स्ट रीत ओळींचे शेवट घेणाऱ्या यंत्राच्या वळणाप्रमाणें बदलते. बायनरी रीत माळ जशीच्या तशी नेते. पायथॉनच्या एफटीपीलिब या लायब्ररींत पाठवितांना पहिलीसाठीं 'स्टोरलाइन्स' व दुसरीसाठीं 'स्टोरबायनरी' अशीं निराळीं फंक्शनें आहेत. आम्हीं पहिलें वापरलें!

छायाचित्रांत ओळी कसल्या? तेथें १३ व १० हे चित्राचेच अंश असतात. सर्व्हरनें १० च्या आधींचा प्रत्येक १३ गाळला. मुळांत कांहीं १० एकटेच होते. मग कोणाचा सोबती हरवला हें आतां कोणी सांगावें? म्हणून ही हानि भरून येत नाहीं. १९९६ सालीं आलेल्या पीएनजी चित्रांच्या आरंभींच्या आठ संख्यांत १३, १० व पुन्हा १० मुद्दाम घातले आहेत, ते अशी ढवळाढवळ तत्काळ उघडकीस यावी म्हणूनच.

मराठी मजकूरहि सर्वदा निर्भय नाहीं. यूटीएफ-१६ या लेखनपद्धतींत 'ऊ' हें अक्षर ९ व १० या जोडीनें लिहितात. आपल्या नागपूरचें 'ऊन' अशा फाइलींतून विंडोजकडे टेक्स्ट रीतीनें आणलें, तर मध्यें एक १३ शिरतो आणि पुढील अक्षरांच्या जोड्या विसकटतात. यूटीएफ-८ मध्यें मात्र देवनागरी अक्षराच्या तिन्ही संख्या १२८ किंवा अधिक असल्यामुळें हा घोटाळा होत नाहीं.

सारांश, संशय असेल तेथें बायनरीच निवडावी. ओळींचे शेवट चुकले तर मागाहून सुधारतां येतात. चित्र बिघडलें तर इलाज नाहीं. पाठविल्यावर दोन्हीकडील आकार ताडून पाहावा, पोहोंचलेली प्रत उघडून पाहावी, आणि मगच मूळ प्रतीस हात लावावा. घरचीं छायाचित्रें वा प्रमाणपत्रें जपून ठेवणाऱ्या पालकांसहि आमचें हेंच सांगणें आहे.