वीज : शिवारापासून मार्केट यार्डापर्यंत

पुण्याच्या गुलटेकडी येथील श्री छत्रपती शिवाजी मार्केट यार्डात दिवस सुरू होतो तो सूर्योदयाच्या पुष्कळ आधी. पुरंदरचा वाटाणा, जुन्नरचे टोमॅटो, खेड-मंचर भागातील कांदा व बटाटा घेऊन आलेली वाहने दिव्यांच्या उजेडात रिकामी होतात. तोलकाट्यावर वजने होतात आणि ऊन वर येईपर्यंत बराचसा भाजीपाला किरकोळ विक्रेत्यांच्या हाती गेलेला असतो.

या बाजारात प्रत्येक मालाचे आयुष्य निराळे असते. पालेभाजीची जुडी दुपारपर्यंत कोमेजते. कांदा चाळीत काही महिने टिकतो. भुसार माल गोदामात त्याहूनही अधिक काळ राहतो. मात्र या साऱ्या व्यवहाराला लागणारी वीज हा असा माल आहे की तो ज्या क्षणी तयार होतो त्याच क्षणी खपावा लागतो. वीजव्यवस्थेचे हे मूळ वैशिष्ट्य ध्यानात घेतले म्हणजे गावात पडणारे अनेक प्रश्न उलगडू लागतात. शेतकऱ्याला पिकास रात्री पाणी का द्यावे लागते, हा त्यांपैकीच एक प्रश्न होय.

एका मंडळाच्या चार कंपन्या

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना २० जून १९६० रोजी झाली. वीजनिर्मिती, तिचे वहन आणि घरोघरी वितरण ही तिन्ही कामे मंडळाने ४५ वर्षे एकत्रितपणे केली. १९६२ मध्ये कोयना प्रकल्पाची वीज मिळू लागली. पुढे कोराडी, परळी, भुसावळ, नाशिक, चंद्रपूर येथील औष्णिक केंद्रांनी राज्याच्या वाढत्या गरजेचा मोठा भार उचलला.

विद्युत कायदा २००३ अन्वये ६ जून २००५ रोजी मंडळाची पुनर्रचना झाली. निर्मितीचे काम महानिर्मितीकडे, पारेषणाचे महापारेषणकडे व वितरणाचे महावितरणकडे आले, आणि या तिन्हींवर एक सूत्रधारी कंपनी स्थापन झाली. मुंबईचा बराचसा भाग वगळता जवळजवळ सर्व राज्याला वीज पुरविण्याची जबाबदारी महावितरणवर आहे. महानिर्मितीबरोबरच केंद्रीय व खाजगी प्रकल्पांकडूनही ती वीज विकत घेते. विजेचे दर मात्र कंपनीला स्वतः ठरविता येत नाहीत. जनसुनावणी घेऊन महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ते निश्चित करतो.

क्षणाक्षणाचा हिशेब

केंद्रात तयार झालेली वीज दूरवर नेताना गळती कमी व्हावी म्हणून तिचा दाब २२० किंवा ४०० किलोव्होल्टपर्यंत वाढविला जातो. शहराजवळील उपकेंद्रात तो टप्प्याटप्प्याने उतरवून २२ किंवा ११ किलोव्होल्टच्या वाहिन्यांवर वीज सोडली जाते. अखेरीस वस्तीतील रोहित्र तिला घरगुती वापराच्या २३० व्होल्टवर आणते.

या संपूर्ण जाळ्याची वारंवारिता ५० हर्ट्झच्या आसपास राहणे आवश्यक असते. मागणी निर्मितीपेक्षा वाढली की वारंवारिता घसरते आणि निर्मिती जास्त झाली की ती चढते. दोन्ही गोष्टी यंत्रांना धोक्याच्या आहेत. हा तोल सांभाळण्याचे काम कळवा येथील राज्य भार प्रेषण केंद्र अहोरात्र करते. कोणत्या संचाने निर्मिती वाढवावी व कोणत्या संचाने कमी करावी, याच्या सूचना तेथून जातात. कोळशावरील संच लवकर थांबविता वा चालू करता येत नाहीत. पाण्यावरील संच मात्र काही मिनिटांत चालतात. सकाळी व सायंकाळी मागणी एकदम चढते तेव्हा कोयनेचे महत्त्व कळते ते यामुळेच.

तोल साधण्याइतकी वीज उपलब्ध नसेल तर काही भागांचा पुरवठा बंद करणे एवढाच मार्ग उरतो. यालाच भारनियमन म्हणतात. २००५ नंतरच्या काही वर्षांत राज्याने त्याची तीव्र झळ सोसली. २००६ मध्ये पुणे शहरात यावर एक वेगळा उपाय योजण्यात आला. शहर परिसरातील कारखान्यांनी मागणीच्या वेळी स्वतःचे जनित्र संच चालवून सुमारे ९० मेगावॅट विजेचा भार हलका केला. त्याचा जादा खर्च अधिक वीज वापरणाऱ्या ग्राहकांकडून आकार लावून वसूल झाला. शहर भारनियमनातून सुटले, परंतु विजेची खरी किंमत कोणाला तरी मोजावीच लागते, हेही या प्रयोगाने दाखवून दिले.

रात्रीच्या पाण्याचे कारण

महावितरणच्या एकूण ग्राहकांत कृषिपंपधारक सुमारे १६ टक्के आहेत. मार्च २०२४ अखेर त्यांची संख्या ४७ लाखांवर होती, आणि एकूण वापरातील त्यांचा वाटा सुमारे ३० टक्के आहे. दिवसा कारखाने, कार्यालये व दुकाने यांची मागणी असते. रात्री ती ओसरते, परंतु कोळशावरील संच चालूच ठेवावे लागतात. म्हणून कृषिवाहिन्यांचे गट पाडून काही दिवस दिवसा व काही दिवस रात्री थ्री फेज पुरवठा देण्याची पद्धत रूढ झाली.

तांत्रिक हिशेबाने हे योग्य असले तरी त्याची किंमत शेतकऱ्याने मोजली. थंडीत, अंधारात, सापाविंचवाच्या आणि जुन्नरसारख्या तालुक्यांत बिबट्याच्या भीतीने त्याला बांधावर उभे राहावे लागले. रात्रीचा फेरा टाळण्यासाठी अनेकांनी पंपांना ऑटोस्विच बसविले. परिणामी वीज येताच सारे पंप एकाच क्षणी सुरू होतात, रोहित्रावर भार पडून ते जळते आणि ऐन गरजेच्या वेळी पाणी तुटते.

पंपाला सूर्याची वेळ

पिकाला पाणी द्यायची सोयीची वेळ आणि ऊन असण्याची वेळ एकच आहे, या साध्या गोष्टीवर २०१७ मध्ये जाहीर झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना उभी आहे. उपकेंद्राजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प उभारून त्याची वीज थेट कृषिवाहिनीला द्यावयाची, असे तिचे स्वरूप आहे. २०२३ पासून योजनेचा दुसरा टप्पा राबविण्यात येत असून त्यातील पहिला प्रकल्प २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील धोंदलगाव येथे कार्यान्वित झाला. ही वीज युनिटला सुमारे ३ रुपयांत मिळते, शिवाय ती दूरवरून आणावी लागत नाही.

एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे वीजबिल शासन अनुदानरूपाने भरत आहे. शेतकऱ्याला वीज मोफत मिळाली तरी तिची निर्मिती मोफत होत नाही. म्हणून दिवसाच्या स्वस्त विजेचे महत्त्व शेतकऱ्याइतकेच राज्याच्या तिजोरीलाही आहे.

गावाचा वाटा

या कामी ग्रामपंचायतींना बरेच करता येण्यासारखे आहे. प्रकल्पासाठी जमीन भाडेपट्ट्याने देणाऱ्या शेतकऱ्यास हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये मिळतात. प्रकल्प ज्या गावात होतो त्या ग्रामपंचायतीस तीन वर्षे दरवर्षी पाच लाख रुपयांचे अनुदान देण्याची तरतूद आहे. गायरान जमिनीचा प्रश्न आल्यास चराईची गरज व प्रकल्पाचा लाभ ग्रामसभेत मोकळेपणाने तोलले गेले पाहिजेत. पंपांना कपॅसिटर बसविणे, ऑटोस्विच काढणे व रोहित्रावर परस्पर भार न टाकणे या गोष्टी गावाने ठरविल्या तर आजच होण्याजोग्या आहेत. शिक्षकांनीही वर्गात विजेचा हा हिशेब समजावून सांगितला तर तो घरोघरी पोहोचेल.

सूर्य मावळल्यावर सौर वीज संपते. मार्केट यार्डातील पहाटेच्या दिव्यांना कोयनेचे पाणी व चंद्रपूरचा कोळसा यांचा आधार यापुढेही लागणारच आहे. परंतु त्या दिव्यांखाली उतरणारी भाजी पिकविणाऱ्याने रात्र जागून काढलीच पाहिजे, असे बंधन आता उरू नये. शिवारातील पाण्याची पाळी दिवसा आली म्हणजे वीज गावात पोहोचल्याचे खरे सार्थक होईल.