धानाच्या बांधीतले रानडुक्कर आणि काडतुसाची निवड

गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेरा तालुक्यात धानाच्या बांध्या जंगलाला अगदी लागून असल्यामुळे, लोंबी भरू लागली की रानडुकरांचे कळप रात्री शेतात उतरतात आणि खातात त्याहून अधिक पीक तुडवून व लोळून नासवतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 11 नुसार उभ्या पिकास धोकादायक ठरलेले असे जनावर मारण्याची लेखी परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी देऊ शकतो. 2016 साली चंद्रपूर जिल्ह्यात अशा परवानगीने पन्नासहून अधिक रानडुकरे मारली गेली, तेव्हा केंद्रीय मंत्री मनेका गांधी यांनी त्यावर जाहीर टीका केली. मारावे की मारू नये हा वाद जुनाच आहे. मारण्याची परवानगी मिळालीच तर कोणत्या काडतुसाने, हा प्रश्न त्या मानाने कमी चर्चिला जातो.

पितळी कवच, त्याच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी मिळून काडतूस होते, आणि नळीतून सुटते ती केवळ गोळी. अमेरिकेच्या मोकळ्या माळांवर प्रेअरी डॉगसारखा जेमतेम किलोभराचा उपद्रवी प्राणी तीनशे मीटरवरून टिपण्यासाठी .22-250 सारखी काडतुसे वापरतात. त्यांतील 55 ग्रेनची, म्हणजे सुमारे साडेतीन ग्रॅमची गोळी सेकंदाला 1,100 मीटरच्या आसपास वेगाने सुटते आणि तीनशे मीटरपर्यंत नळीच्या रेषेखाली साधारण अर्धा मीटरच उतरते. भारतातील परवानाधारकांच्या परिचयाच्या .315 रायफलीची 244 ग्रेनची, जवळजवळ सोळा ग्रॅमची गोळी सेकंदाला साडेसहाशे मीटरच्या घरात सुटत असल्यामुळे तेवढ्याच अंतरात पावणेदोन मीटर खाली येते. (.303 हे लष्करी काडतूस नागरिकांना वर्ज्य असल्यामुळे .315 येथे रुळले.) केवळ अंतराचा विचार केला तर हलकी गोळी सरस ठरते, यात शंका नाही.

मुलचेऱ्यात मात्र अंतराला फारसे महत्त्वच उरत नाही, कारण जागलीला बसलेल्या माणसाला विजेरीच्या उजेडात जनावर ओळखू येते ते तीस-चाळीस मीटरवर, आणि त्यापलीकडे बांबूचे रान किंवा शेजाऱ्याचे शेत असते. शिवाय हलकी गोळी मुद्दामच पातळ आवरणाची केलेली असते. लहान प्राण्याच्या अंगात शिरताच ती फुटून विखुरते, पण पोक्त नराच्या खांद्यावरील जाड, चिवट कातड्यावर ती वरवरच फुटली, तर जखम होते आणि जनावर मरत नाही. जखमी डुक्कर झुडपात दडून राहते आणि सकाळी धान पाहायला आलेल्या माणसाच्या अंगावर धावते. म्हणून येथे जड आणि मऊ टोकाची गोळी हवी, म्हणजे जिच्या टोकाचे शिसे उघडे असते, आघाताने पसरते, पण बूड शाबूत राहून आत खोलवर जाते. पूर्ण तांब्याने मढवलेली गोळी न पसरता आरपार निघून जाते आणि पलीकडे कोण आहे हे ती पाहत नाही. बारा बोअरच्या बंदुकीतील एल. जी. छर्रेही पस्तीस मीटरच्या आत कामाचे आहेत. त्याहून दूर ते पांगतात आणि पुन्हा जखमी जनावराचाच प्रश्न उभा राहतो.

मऊ टोकाच्या गोळीचा एक दोष मात्र दुर्लक्षिण्याजोगा नाही: तिच्या शिशाचे कण मांसात राहतात, आणि असे कलेवर उघड्यावर टाकले तर ते खाणाऱ्या गिधाडांना शिशाची विषबाधा होऊ शकते. गडचिरोलीच्या वनविभागाने गिधाडांसाठी खास खाद्यस्थळे चालवली असल्यामुळे ही बाब येथे अधिकच लागू पडते. कलेवर खोल पुरणे किंवा निव्वळ तांब्याची गोळी वापरणे हे त्यावरील उपाय आहेत, पण दुसरा आपल्या बाजारात सहज मिळण्याजोगा नाही.

काडतुसाइतकेच महत्त्व बसण्याच्या जागेलाही आहे. सपाट जमिनीवरून झाडलेली, नेम चुकलेली रायफलीची गोळी दोन-तीन किलोमीटरही जाऊ शकते, आणि रात्री तेवढ्या टप्प्यात एखादी वस्ती किंवा दुसऱ्या कुणाची जागल असतेच. तीच गोळी चार मीटर उंच मचाणावरून चाळीस मीटरवरच्या जनावराकडे सोडली, तर उताराच्या कोनामुळे ती जनावरामागे आठ-दहा मीटरच्या आत बांधीच्या चिखलात रुतते.