कळांच्या वेळी सोबत

सुईण आपल्या ओळखीची आहे. ती बाळंतपण करते, नाळ कापते, वार नीट पडली ना ते पाहते. डूला यातले काहीच करीत नाही. गरोदरपणात ती दोन-चारदा भेटून शंका ऐकून घेते. कळा सुरू झाल्या की शेवटपर्यंत जवळ बसते, कंबर चोळते, पाणी पाजते, चालायला लावते, आता काय होणार ते सांगते. हा मूळ ग्रीक शब्द. त्याचा अर्थ दासी.

नुसत्या सोबतीने काय होणार? १९८० साली ग्वाटेमालातील एका अभ्यासाने या प्रश्नाला आकड्यांत उत्तर दिले. अनोळखी आणि कसलेही प्रशिक्षण नसलेली बाई जवळ असता दाखल झाल्यापासून प्रसूतीपर्यंत सरासरी ८.८ तास लागले, एरवी १९.३. हे आकडे फार गाजले. पण प्रत्येक गटात, गुंतागुंत न झालेल्या, जेमतेम २० स्त्रिया होत्या! आम्हाला त्यामागची दुसरी नोंद अधिक बोलकी वाटते. अशा २० प्रसूती मिळवण्यासाठी सोबत असलेल्या ३३ स्त्रिया घ्याव्या लागल्या, तर सोबत नसलेल्या १०३.

पुढे अमेरिकेत ह्यूस्टन येथे पहिलटकरणींवर मोठा प्रयोग झाला (१९९१). त्याची रचना वर्गात सांगण्याजोगी आहे. एका गटाला डूला दिली. दुसऱ्या गटात एक निरीक्षक बाई खोलीत एका बाजूला बसून केवळ नोंदी करी. ती बोलत नसे की स्पर्शही करीत नसे. तिसऱ्या गटाला कोणीच नव्हते. सिझेरियनचे प्रमाण अनुक्रमे ८, १३ आणि १८ टक्के आले. म्हणजे मुकी सोबतही काही काम करून जाते की काय? तसे म्हणताना जपावे लागते, कारण पहिल्या दोन गटांची वाटणी यदृच्छेने झाली होती, तिसरा गट मात्र प्रसूतीनंतर निवडला होता.

यामागचे शरीरशास्त्र समजण्यासारखे आहे. भीतीने रक्तात अॅड्रिनॅलिन वाढते. एरवी ते पळायला बळ देते. गर्भाशयाच्या स्नायूंना मात्र ते सैल पाडते. कळा मंदावतात, वेळ लांबतो, भीती आणखी वाढते. डूला हे चक्र तोडते, असे मानले जाते.

२०१७ साली १७ देशांतील २६ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात सिझेरियनचे प्रमाण सुमारे चतुर्थांशाने घटलेले दिसले. वेळ मात्र सरासरी चाळीसच मिनिटांनी वाचला; ग्वाटेमालातल्या साडेदहा तासांचे एवढेच उरले. तरीही बिनखर्चाच्या म्हणाव्या अशा उपायाला हे यश थोडे नाही.

आपल्याकडे पगारी डूला मोठ्या शहरांतच भेटते. परंतु सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी एका सोबतिणीला आत घ्यावे, अशी सूचना केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये दिली. ती नात्यातली आणि स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी, अशी अपेक्षा आहे. आई, काकू, मोठी जाऊ, कोणीही चालेल. अडचण बहुधा जागेची येते. दोन खाटांमध्ये पडदा नसेल तर एकीची सोबतीण दुसरीला परकी बाई ठरते.