ऑफिसमध्ये मराठी बोललो तर?

ऑनसाइट गेलेल्यांच्या ग्रुपवर हमखास निघणारा हा प्रश्न. अमेरिकेतल्या ऑफिसात कॉफी मशीनजवळ दोघं मराठीत बोलतायत, मॅनेजर येऊन म्हणतो, "इथे फक्त इंग्रजी." त्याला तसा अधिकार आहे का?

तिकडे 1964 चा नागरी हक्क कायदा आहे. त्याच्या सातव्या प्रकरणानुसार किमान 15 कर्मचारी असलेल्या कंपनीला 'तू मूळचा कुठला' यावरून भेदभाव करता येत नाही. हे संरक्षण एच-वन-बीवाल्यांनाही आहे, त्यासाठी नागरिक असावं लागत नाही.

गंमत अशी की या यादीत 'भाषा' हा शब्दच नाही! तो दुवा जोडला समान रोजगार संधी आयोगानं, 1980 च्या नियमांत. ब्रेकमध्येसुद्धा इंग्रजीच बोला असा सरसकट नियम असेल, तर तो भेदभाव आहे असं गृहीत धरायचं. ठरावीक वेळेपुरता असेल, तर कामाची खरी गरज दाखवायची आणि लोकांना आधी कळवायचं. प्रॉडक्शन डाऊन आहे, कॉलवर सहा जण आहेत आणि दोघंच मराठीत डीबग करतायत, तर इंग्रजीचा आग्रह मला तरी रास्तच वाटतो.

पण आयोग म्हणतो ते कोर्ट मानेलच असं नाही. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या 'स्पन स्टेक' या मांस कारखान्यात 33 पैकी 24 कामगार स्पॅनिश बोलणारे. काही जण स्पॅनिशमधून इतरांना टोमणे मारतात अशी तक्रार आली, आणि मालकानं कामावर इंग्रजीची सक्ती केली. जेवणाची सुट्टी आणि ब्रेक मोकळे ठेवले. 1993 मध्ये नवव्या सर्किटच्या अपील कोर्टानं आयोगाचं ते गृहीतक मानलंच नाही. ज्याला दोन्ही भाषा येतात त्याला इंग्रजी बोलणं सहज जमतं, मग नुकसान कसलं? असा सूर.

आता हा युक्तिवाद आपल्या बीटेक पब्लिकला लावून बघा. इंटरव्ह्यूच इंग्रजीत दिलाय! म्हणजे ज्याला इंग्रजी येतच नाही त्याची केस भक्कम, आपली तुलनेनं कच्ची. कॅलिफोर्नियात मात्र आता राज्याचा स्वतःचा कायदा आहे: कामाची गरज सिद्ध केल्याशिवाय आणि आधी कळवल्याशिवाय अशी सक्ती चालत नाही.

असा नियम आलाच तर तो लेखी मागा, ईमेल जपून ठेवा. आयोगाकडे तक्रारीची मुदत 180 दिवस, बऱ्याच राज्यांत 300. तक्रार केली म्हणून सूड उगवणं हेही बेकायदेशीरच धरलं जातं, कंपनीवर वेगळा दावा होतो. तरी लोक गप्प का बसतात? नोकरी गेली तर एच-वन-बीवाल्याच्या हातात जास्तीत जास्त 60 दिवस असतात, म्हणून.