विक्रोळीची ओळ

घरी स्वतःचा कोड एडिटर लिहायला घेतला की सुरुवातीचे दिवस मजेत जातात. फाइल उघडते, बाणांच्या कळांनी कर्सर फिरतो, सी भाषेतले राखीव शब्द रंगीत दिसू लागतात. मग त्यात एखादी साधी यादी टाकावी: अंधेरी, जोगेश्वरी, बोरिवली, घाटकोपर, विक्रोळी, मुलुंड. 'अंधेरी'च्या शेवटी नेलेला कर्सर शब्दापासून दूर, मोकळ्या जागेत जाऊन उभा राहतो. 'विक्रोळी'च्या शेवटी बॅकस्पेस दाबला की वेलांटी जाण्याऐवजी तिथे प्रश्नचिन्हाची चौकट उमटते. इंग्रजी कोडवर विनातक्रार चालणारा प्रोग्राम सहा स्टेशनांतच गडबडतो. हौशी एडिटरचं खरं शिक्षण इथून सुरू होतं.

मुळात हा उद्योग करायचा कशाला? मायक्रोसॉफ्टचा व्हीएस कोड २०१५पासून फुकट मिळतो आणि उत्तम चालतो. पण एडिटरचा इतिहास पाहिला तर त्यातली कितीतरी मोठी नावं एकेका माणसाच्या हट्टातून उभी राहिली आहेत. बर्कलीत शिकणाऱ्या बिल जॉयने १९७६च्या सुमारास व्हीआय लिहिला. ब्राम मोलेनार यांनी अमिगा या घरगुती संगणकावर त्याची सुधारित नक्कल करायला घेतली, ती १९९१मध्ये व्हिम म्हणून लोकांसमोर आली आणि २०२३मध्ये निधन होईपर्यंत ते तिची देखभाल करत राहिले. डॉन हो यांचा नोटपॅड प्लस प्लस २००३चा, जॉन स्किनर यांचा सब्लाइम टेक्स्ट २००८चा. बाजाराने आधी मागणी केली आणि मग हे लिहिले गेले, असं झालेलं नाही. दिवसभर ज्या हत्याराने काम करायचं ते आपल्या हाताला बसलं पाहिजे, एवढीच ती गरज होती.

मुंबईच्या उपनगरांत या ओढीला जमीन चांगली आहे. अंधेरीचं सरदार पटेल, विलेपार्ल्याचं द्वारकादास संघवी, विद्याविहारचं सोमैया, कांदिवलीचं ठाकूर अशी अभियांत्रिकी कॉलेजं लोकलच्या रुळांच्या आजूबाजूला विखुरलेली आहेत. इथल्या कितीतरी विद्यार्थ्यांनी पहिला प्रोग्राम लिहिला तो टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर. शेजारी उघडं असायचं ते नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी'. टर्बो सी आला १९८७मध्ये, पण प्रयोगशाळांतून तो त्यानंतर कित्येक वर्षं हलला नाही. लोक त्याला कंपायलर म्हणून ओळखतात. त्याची खरी कमाई मात्र दुसरीच होती: लिहिणं, कंपाइल करणं आणि चूक झालेल्या ओळीवर परत येणं हे सगळं एकाच पडद्यावर. एडिटर चांगला असला की भाषा शिकणं सोपं होतं, हे बोरलँड कंपनीला नेमकं कळलं होतं. १९८५मध्ये तिने टर्बो पास्कलसाठी 'एडिटर टूलबॉक्स' विकायला काढला होता. त्यात स्वतःचा एडिटर बांधण्यासाठी लागणारा सोर्स कोडच दिलेला होता.

आजच्या हौशी माणसाची सुरुवात बहुधा 'किलो'पासून होते. रेडिस या डेटाबेसचे जनक, इटलीचे साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी २०१६मध्ये सी भाषेत एक हजार ओळींच्या आत हा एडिटर लिहिला. पेज रूटन यांनी त्याची उकल करून १८४ पायऱ्यांची एक शिकवणी तयार केली. प्रत्येक पायरीनंतर प्रोग्राम चालतो आणि थोडा पुढे गेलेला दिसतो. शिकवण्याची ही पद्धत मला फार प्रामाणिक वाटते, कारण तीत कुठलीच गोष्ट 'ही अशीच असते' म्हणून सोडून दिलेली नाही.

पहिला धडा असतो टर्मिनलला, म्हणजे हा एडिटर ज्या मजकुरी खिडकीत चालतो तिला, गप्प बसवण्याचा. एरवी टर्मिनल दाबलेलं प्रत्येक अक्षर आपणहून पडद्यावर उमटवतं आणि एंटर दाबेपर्यंत प्रोग्रामला काही कळू देत नाही. एडिटरला हे चालत नाही. कळ दाबताक्षणी ती त्याच्या हाती यायला हवी. त्यासाठी टर्मिनल कच्च्या अवस्थेत न्यायचं आणि बाहेर पडताना पूर्ववत करायचं. हे दुसरं विसरलं तर एडिटर बंद केल्यावरही टाइप केलेलं दिसत नाही. मग येतात पडदा पुसणाऱ्या आणि कर्सर हलवणाऱ्या आज्ञा. त्या डेक कंपनीच्या १९७८च्या व्हीटी१०० या टर्मिनलमधून आल्या आहेत. ते यंत्र केव्हाच बंद झालं, पण २४ ओळी आणि ८० रकान्यांची त्याची भाषा आजच्या लॅपटॉपमध्येही बोलली जाते. प्रत्येक आज्ञा सुटी पाठवली तर पडदा लुकलुकतो. म्हणून सगळं चित्र आधी स्मृतीत तयार करायचं आणि एका फटक्यात पाठवायचं. लुकलुक थांबते तो क्षण प्रत्येक हौशी लेखकाच्या लक्षात राहतो.

त्यानंतरचा प्रश्न असा की मजकूर ठेवायचा कसा? एका सलग रांगेत ठेवला आणि मध्येच एक अक्षर घातलं तर पुढची सगळी अक्षरं एकेक घर सरकवावी लागतात. लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी तिघांनी सरकायचं असतं. इथे डब्याच्या टोकापर्यंत बसलेल्या प्रत्येकाला सरकवण्याची वेळ येते. यावर ईमॅक्स या एडिटरचा जुना उपाय असा, की कर्सर असतो तिथेच रिकाम्या घरांचा एक पट्टा राखायचा आणि कर्सर लांब गेला की पट्टा तिकडे न्यायचा. लिहिणारा माणूस बराच वेळ एकाच जागी लिहितो, या निरीक्षणावर हा उपाय उभा आहे. दुसरी रीत तुकड्यांच्या तक्त्याची: मूळ फाइलला हात लावायचा नाही, नवा मजकूर वेगळा साठवायचा आणि कुठला तुकडा कशानंतर येतो एवढीच नोंद ठेवायची. झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात १९७४च्या सुमारास ब्राव्हो एडिटरमध्ये ही वापरली गेली. तीत 'अनडू' जवळजवळ आयतं मिळतं, कारण जुना मजकूर कुठेच गेलेला नसतो.

मोठ्या कंपन्याही याच रस्त्याने जातात. व्हीएस कोड आधी प्रत्येक ओळ वेगळी ठेवत असे. ३५ एमबीची पण १ कोटी ३७ लाख ओळींची एक फाइल उघडताना त्याला सुमारे ६०० एमबी स्मृती लागत होती, तेव्हा २०१८मध्ये त्याच्या कर्त्यांनी हा भाग बदलून तुकड्यांच्या तक्त्याचीच सुधारलेली रचना स्वीकारली. घरी एडिटर लिहिणाऱ्याला हे वाचून बळ येतं. त्याला पडलेला प्रश्न पोरकट नसतो.

पण या सगळ्या शिकवण्या मनात इंग्रजी धरून लिहिलेल्या आहेत. जगातल्या सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारा संकेत म्हणजे युनिकोड, आणि ते क्रमांक बाइटांत साठवण्याची रीत म्हणजे यूटीएफ-८. किलोला यूटीएफ-८ कळत नाही. एक बाइट म्हणजे एक अक्षर, एवढंच तो मानतो. इंग्रजीत ते खपून जातं. आता 'विक्रोळी' हा शब्द पाहा. फाइलमध्ये तो २४ बाइट घेतो, कारण देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट, म्हणजे युनिकोडमधलं एकेक क्रमांकित चिन्ह, ३ बाइटांचा असतो. कोडपॉइंट मोजले तर ते ८: व, ऱ्हस्व वेलांटी, क, हलन्त, र, ओकार, ळ, दीर्घ वेलांटी. टर्मिनलमध्ये किती घरं लागतील याचा मार्कुस कून यांचा प्रसिद्ध हिशेब लावला तर उत्तर ७ येतं. आणि शाळेतलं मूल मोजतं ३: वि, क्रो, ळी.

एकाच शब्दाची ही चार मापं. साठवताना बाइट लागतात, शोधताना कोडपॉइंट, चितारताना घरं आणि कर्सर हलवताना अक्षरं. ज्या दिवशी एडिटरच्या कोडमध्ये या चौघांसाठी चार वेगळी फंक्शन्स होतात, त्या दिवशी तो खेळणं राहत नाही, असं माझं मत आहे. शिवाय ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते व्यंजनानंतर आणि दिसते व्यंजनाआधी. म्हणजे स्मृतीतला क्रम आणि पडद्यावरचा क्रमही वेगळा.

या गुंत्यावर उपनगरांतच फार आधी काम झालं आहे. जुहूच्या गुलमोहर रस्त्यांच्या जाळ्यात राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एनसीएसटी, होतं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या एका विभागातून १९८५मध्ये ते स्वतंत्र झालं आणि श्रीनिवासन रमणी त्याचे संचालक होते. आज तिथे सी-डॅकचं मुंबई केंद्र आहे. सुलेखनकार, कवी आणि पवईच्या आयआयटीतले प्राध्यापक र. कृ. जोशी या केंद्राशी जोडले गेले. त्यांनी मायक्रोसॉफ्टसाठी घडवलेला 'मंगल' हा फॉन्ट विंडोज २०००बरोबर घरोघरी पोचला. 'रघू' हा त्यांचा फॉन्ट मुक्त वापरासाठी खुला झाला. त्या काळी अनेक फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवत. फॉन्ट बदलला की मजकुराचा लगदा. 'मंगल'मध्ये क, हलन्त आणि र एकत्र आले की कोणती आकृती दाखवायची याचे नियम फॉन्टच्या आतच असतात, आणि फाइलमध्ये शुद्ध युनिकोड राहतो. जोशी २००८मध्ये गेले. अशा कामामुळे आज घरच्या एडिटरला जोडाक्षरं स्वतः चितारावी लागत नाहीत; मजकूर योग्य क्रमाने हार्फबझसारख्या जुळणी-यंत्रणेकडे दिला की पुरे.

मोजणीचा प्रश्न मात्र उरतो. 'एक अक्षर कुठे संपतं' हे सांगणारा युनिकोडचा सर्वसाधारण नियम सप्टेंबर २०२३पर्यंत 'क्रो'चे दोन तुकडे करायचा: हलन्तासह क आणि मग रो. १५.१ या आवृत्तीत देवनागरी, गुजराती, बंगाली यांसारख्या लिप्यांची जोडाक्षरं अखंड ठेवणारा नियम आला. म्हणजे जुनी लायब्ररी वापरणारा एडिटर 'जोगेश्वरी'त पाच वेळा थांबतो, नवी वापरणारा चार वेळा. टर्मिनल आणि एडिटर यांनी वेगवेगळे नियम धरले की कर्सर भलतीकडे जातो. किटी या टर्मिनलचे भारतीय कर्ते कोविद गोयल यांनी २०२५मध्ये एक संकेत मांडला. त्यात एखादा मजकूर किती घरांत बसवायचा हे प्रोग्रामच टर्मिनलला सांगू शकतो. घरच्या एडिटरने तो जरूर उचलावा.

बॅकस्पेसचं काय करायचं? बाणाने अख्खं 'क्रो' ओलांडावं, पण बॅकस्पेसने फक्त ओकार पुसावा, ही पद्धत रूढ आहे आणि ती बरोबर आहे. मराठी टाइप करणाऱ्याची चूक बहुतेक वेळा मात्रेत असते. त्यासाठी पूर्ण जोडाक्षर पुन्हा उमटवायला लावणं अन्यायाचं आहे.

सर्वांत अवघड जागा शोधण्याच्या खिडकीत आहे, आणि ती खास मराठी आहे. 'दऱ्या'मधला अर्धा र दोन रीतींनी साठवता येतो: नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. 'ॲ'चंही तेच: २००८मध्ये युनिकोडने त्याला स्वतंत्र जागा दिली, त्याआधीच्या फाइलींत तो अ आणि चंद्र असा जोडून लिहिलेला आढळतो. युनिकोडच्या सामान्यीकरणाच्या नियमांत या जोड्या समान मानलेल्या नाहीत. त्यामुळे समोर दिसणारा शब्द शोधूनही एडिटर 'सापडला नाही' असं सांगतो. इथे शोधण्यापूर्वी दोन्ही रूपं एकाच रूपात आणणारं छोटं कोष्टक एडिटरच्या लेखकालाच लिहावं लागतं. ते दहा-बारा ओळींत बसतं, आणि मूळ फाइलमधला एकही बाइट बदलायचा नाही एवढीच त्यात काळजी घ्यावी लागते.