दोन विजय, आठ पराभव

वेस्ट व्हर्जिनियातलं हंटिंग्टन हे ओहायो नदीकाठचं शहर. तिथल्या मार्शल विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाने १९७१च्या हंगामात दहा सामने खेळले, दोन जिंकले, आठ गमावले. नुसता तक्ता पाहणाऱ्याची नजर तिथे थांबायची नाही. मला मात्र कॉलेजच्या खेळात याहून मोठा हंगाम ठाऊक नाही.

आदल्या वर्षी, १४ नोव्हेंबर १९७०च्या शनिवारी, ईस्ट कॅरोलायनाकडून १७-१४ असा निसटता पराभव पत्करून संघ विमानाने घरी निघाला. हंटिंग्टनला पाऊस होता, ढग खाली उतरलेले. धावपट्टी अगदी जवळ आली असताना विमान टेकडीवरच्या झाडांना धडकून कोसळलं. आतले ७५ जण गेले. त्यांत ३७ खेळाडू होते, मुख्य प्रशिक्षक रिक टॉली होते आणि संघाबरोबर सामने बघायला गेलेली शहरातली प्रतिष्ठित मंडळी होती. कितीतरी मुलांचे आई-वडील दोघेही एकाच रात्री गेले. सहा खेळाडूंची ओळख पटलीच नाही. त्यांना स्प्रिंग हिल दफनभूमीत शेजारी शेजारी पुरलं.

फुटबॉल आता बंदच करावा, असं म्हणणारे होते, आणि त्यांना दोष देता येणार नाही. तरीही खेळायचं ठरलं. प्रश्न होता, खेळणार कोण? दुखापतीमुळे त्या दौऱ्यावर न गेलेला नेट रफिनसारखा एखादा सोडला, तर अनुभवी असं कोणी उरलं नव्हतं. पहिल्या वर्षाची मुलं मात्र वाचली होती, कारण त्या काळच्या नियमाप्रमाणे त्यांना मुख्य संघातून खेळता येत नसे. ज्या नियमाने ती वाचली, तोच आता आडवा आला: नव्या वर्षी प्रवेश घेणारी मुलं घेतल्याशिवाय संघाची संख्या भरेना. एनसीएए या खेळसंस्थेने मार्शलपुरती सूट दिली. पुढच्याच वर्षी, १९७२ साली, ती मुभा सगळ्यांना मिळाली.

प्रशिक्षक म्हणून आले जॅक लेंगेल, ओहायोतल्या वूस्टर कॉलेजमधून. जुन्या प्रशिक्षकांपैकी रेड डॉसन त्या रात्री विमानात नव्हते; खेळाडू शोधायला ते मोटारीने गेले होते. लेंगेलबरोबर ते आणखी एक हंगाम थांबले. त्यांनी तो कसा काढला असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. दुसऱ्या खेळांतली मुलंही संघात घेतली गेली. ‘यंग थंडरिंग हर्ड’ हे नाव त्या संघाला पडलं ते त्यातल्या पहिल्या वर्षाच्या कोवळ्या मुलांमुळे.

या खेळात अंगाला अंग भिडतं, आणि कोवळ्या मुलांना दांडग्या बचावफळीसमोर ताकदीवर टिकणं अशक्य होतं. म्हणून लेंगेलनी ‘व्हीअर’ ही पद्धत धरली. तिच्यात समोरचा बचावपटू कुठे झुकतो ते क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा खेळाडू, पळता पळता बघतो आणि चेंडू साथीदाराच्या हातात द्यायचा, स्वतःकडे ठेवायचा की बाजूला फेकायचा, हे त्या क्षणी ठरवतो. ही पद्धत शिकवली बॉबी बाउडन यांनी. ते त्याच राज्यातल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाचे प्रशिक्षक होते, आणि त्यांनी आपल्या डावांची वही आणि चित्रफिती मार्शलपुढे उघड्या ठेवल्या. आपले डाव दुसऱ्या संघाला दाखवणारा प्रशिक्षक विरळाच.

पहिला सामना मोरहेड स्टेटविरुद्ध २९-६ असा हरला. दुसरा, २५ सप्टेंबरचा, घरच्या फेअरफील्ड मैदानावर झेवियरशी. झेवियर १३-९ने पुढे, आणि घड्याळात उरला एकच डाव. क्वार्टरबॅक रेजी ऑलिव्हर उजवीकडे पळाला. बचाव त्याच्यामागे लोटला. तेवढ्यात त्याने चेंडू उलट्या बाजूला, डावीकडे फेकला. टेरी गार्डनरने तो झेलला, जॅक क्रॅबट्रीने आडवा येणारा गडी अडवला आणि गार्डनर १३ यार्ड पळून रेषेपार गेला. १५-१३. अपघातानंतरचा पहिला विजय.

‘वी आर मार्शल’ हा २००६चा चित्रपट याच विजयापाशी येऊन थांबतो. चित्रपटाला तेवढं पुरतं. संघाला मात्र पुढे आठ सामने खेळायचे होते, आणि त्यांतला एकच, बोलिंग ग्रीनविरुद्धचा, १२-१० असा हाती लागला. प्रतिस्पर्ध्यांत टोलेडोही होता, १९६९ ते १९७१ अशी तीन वर्षं एकही सामना न हरलेला. झेवियरच्या विजयाचं मोल मला मान्य आहे. पण तो आनंद ओसरल्यावर शनिवारमागून शनिवार मार खाऊन पुन्हा सरावाला उभं राहणं, हे मला त्याहून कठीण वाटतं.

लेंगेल चार हंगाम राहिले. नऊ विजय, ३३ पराभव. हरलेल्यांपेक्षा जिंकलेले सामने जास्त, असा हंगाम मार्शलच्या वाट्याला थेट १९८४ साली आला. तोपर्यंत हा हिशेब ठाऊक असूनही दरवर्षी नवी मुलं त्या संघासाठी नाव देत राहिली.