एका ब्लॉगसाठी सगळे ब्लॉग बंद : जुलै २००६ मध्ये मुंबईत काय घडलं होतं?

११ जुलै २००६. संध्याकाळी घरी परतणाऱ्या गर्दीच्या वेळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये अवघ्या अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. माटुंगा ते मीरा रोड या पट्ट्यात १८० हून अधिक प्रवाशांचा जीव गेला. मोबाइलचं नेटवर्क कोलमडलं होतं. घरचं माणूस सुखरूप आहे का, हे कळायला मार्ग नव्हता.

त्या रात्री अनेकांनी ‘मुंबई हेल्प’ नावाचा ब्लॉग उघडला. रुग्णालयं, मदतीचे क्रमांक अशी माहिती तिथे एकत्र होत होती. आणि काही दिवसांतच देशातल्या असंख्य लोकांना तो दिसेनासा झाला. ब्लॉग हे माध्यम नेमकं कसं चालतं आणि ते कुठे अडतं, हे समजून घ्यायला ही घटना उपयोगी आहे.

ब्लॉग म्हणजे काय?

‘वेबलॉग’ हा शब्द १९९७ मध्ये रूढ झाला, त्याचं ‘ब्लॉग’ झालं १९९९ मध्ये. त्याच वर्षी ‘ब्लॉगर’ ही मोफत सेवा सुरू झाली आणि २००३ मध्ये ती गुगलने घेतली. ब्लॉगची रचना साधी असते. ताजी नोंद सगळ्यात वर, प्रत्येक नोंदीला स्वतःचा कायमचा पत्ता आणि खाली वाचकांच्या प्रतिक्रिया. मजकूर छापायला ना संपादक लागतो, ना छापखाना.

फोनवर एकाला सांगितलेली गोष्ट दोघांतच राहते. मुलुंडच्या एखाद्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला मेसेज त्या ग्रुपपुरता असतो आणि चार दिवसांत शुभेच्छांच्या ढिगाऱ्याखाली जातो. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याच्या बोगद्यांबद्दल कुणी ब्लॉगवर लिहिलं, तर ते सांगलीतल्या किंवा दुबईतल्या अनोळखी माणसालाही पाच वर्षांनी शोधून वाचता येतं. चूक दुरुस्त करायची तर ती एकाच जागी करावी लागते. संकटाच्या वेळी हाच गुण मोलाचा ठरतो.

मुंबईने तो आधीही वापरला होता

डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर पीटर ग्रिफिन, दीना मेहता आणि रोहित गुप्ता या मुंबईकरांनी मदतीची माहिती गोळा करणारा ब्लॉग सुरू केला. जगभरातले स्वयंसेवक त्याला येऊन मिळाले. पुढच्याच वर्षी, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. लोकल ठप्प झाल्या आणि घाटकोपर, भांडुप, मुलुंडकडे माणसं पाण्यातून चालत निघाली. तेव्हाही ब्लॉगवरून माहिती जमा झाली. २००६ मध्ये ‘मुंबई हेल्प’ कामी आला, त्यामागे हा अनुभव होता.

मग तो बंद का पडला?

१३ जुलै २००६ रोजी केंद्राच्या दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना सुमारे दीड डझन संकेतस्थळं रोखण्याचा आदेश दिला. त्यात ब्लॉगस्पॉटवरचे मोजकेच ब्लॉग होते, ‘मुंबई हेल्प’ नव्हता. पण कंपन्यांनी ब्लॉगस्पॉटच बंद केलं.

असं का झालं? ब्लॉगरवर तयार झालेला प्रत्येक ब्लॉग ‘ब्लॉगस्पॉट’ याच मुख्य पत्त्याखाली येतो, फक्त सुरुवातीचं नाव बदलतं. सगळे ब्लॉग त्याच सर्व्हरवरून चालतात. तेवढं एकच नाव वेगळं काढून रोखण्याऐवजी कंपन्यांनी मुख्य पत्ताच अडवला. सील एका फ्लॅटला ठोकायचं होतं, बंद झालं सोसायटीचं गेट. गंमत अशी, की लिहिण्याचं पान वेगळ्या पत्त्यावर असल्याने ते चालू होतं. लोक नोंदी लिहू शकत होते, पण स्वतःचा ब्लॉग त्यांना दिसत नव्हता.

त्याच वर्षी पाकिस्तानातही ब्लॉगस्पॉट बंद झालं होतं. तिथल्या वाचकांसाठी तयार झालेली ‘पीकेब्लॉग्ज’ ही पर्यायी वाट आता भारतीय वापरू लागले. काहींनी माहिती अधिकारात अर्ज केले. टीका वाढल्यावर आदेशात नमूद केलेली पानंच रोखा, असं सरकारने कंपन्यांना बजावलं आणि ब्लॉग हळूहळू परत दिसू लागले.

आज काय स्थिती आहे?

२००८ च्या दुरुस्तीने माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ६९अ आलं आणि २००९ मध्ये त्याचे नियम झाले. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा ठरावीक कारणांसाठी सरकार मजकूर रोखू शकतं, मात्र कारणं लेखी नोंदवावी लागतात. २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम ६६अ रद्द केलं, पण ६९अ कायम ठेवलं. नियमांत गोपनीयतेची तरतूद असल्याने आदेशाची प्रत सामान्य वाचकाच्या हाती सहसा पडत नाही. म्हणजे एखादं पान उघडत नसेल, तर ते रोखलंय की बिघडलंय, हे ओळखणं आजही अवघड आहे.

लिहिणाऱ्यांनी काय करावं?

मोफत जागा दुसऱ्याची असते. सरकारी आदेशाने ती बंद होऊ शकते, तशी कंपनीच्या निर्णयानेही. याहूने २००९ मध्ये ‘जिओसिटीज’ बंद केलं, तेव्हा तिथली लाखो पानं गेली. म्हणून ब्लॉगरमधला सगळा मजकूर एका फाइलमध्ये उतरवून घेण्याची सोय अधूनमधून वापरावी. शक्य असेल तर स्वतःच्या नावाचा पत्ता विकत घ्यावा. मुख्य जागा बंद झाली, तर तोच पत्ता दुसऱ्या सेवेकडे वळवता येतो आणि वाचकांना नवं ठिकाण शोधावं लागत नाही.